फोटो फितूर होत नाही. मग साक्ष कोण देतं?



पुणतांब्याहून व्याख्यानाचं बोलावणं आलं तेव्हा आमची अटकळ अशी की, चांगदेवांच्या समाधीचं गाव आहे, चांगदेव पासष्टीवर बोला म्हणतील. पण इथल्या तरुण मंडळींनी विषय कळवला तो वेगळाच: युद्धाचे आणि अत्याचाराचे फोटो. सोबत एक प्रश्नही लिहून पाठवला होता. अन्याय होताना दिसला तर खिशातून मोबाईल काढावा की काढू नये? प्रश्न साधा दिसतो. आमची पस्तीस-छत्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली, आणि साधे दिसणारे प्रश्नच फार छळतात हा त्या नोकरीतला अनुभव आहे. तेव्हा आज आपण काही छायाचित्रं नीट बघू. इथे पडदा लावलेला नाही, आम्ही फोटो दाखवणार नाही. बरेचसे तुमच्या डोळ्यांत आधीच बसलेले आहेत, आणि काही असे आहेत की ते दाखवू नयेत असं आमचं मत आहे. का, ते पुढे येईल.

सुरुवात तुमच्याच गावापासून करू. १ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप इथून सुरू झाला. त्या संपाचं कोणतं चित्र देशभर गेलं? रस्त्यावर ओतलेलं दूध. डांबरावरून वाहत निघालेला पांढरा ओहोळ. शहरातल्या माणसाने ते बघितलं आणि म्हणाला, केवढी ही नासाडी! फोटो खोटा नव्हता, दूध खरोखर ओतलं होतं. पण त्या दुधाला संकलन केंद्रावर लिटरमागे काय मिळत होतं, पेंडीचं पोतं केवढ्याला पडत होतं, हे त्या चित्रात कुठून येणार? भाव ही वस्तूच अशी आहे की ती कॅमेऱ्याला दिसत नाही. पुढे नऊ महिन्यांनी, मार्च २०१८ मध्ये, नाशिकहून मुंबईपर्यंत किसान लाँग मार्च निघाला. सुमारे १८० किलोमीटर, आणि चालणाऱ्यांत आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने. त्याचं कोणतं चित्र राहिलं? फोड आलेले, सोलून निघालेले तळपाय. तीच शहरातली माणसं त्या पायांसाठी पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रात्री रस्त्यावर आली. आता बघा, कर्जमाफी आणि शेतमालाचा भाव या मागण्या दोन्हीकडे होत्या. लाँग मार्चमध्ये वनहक्काच्या जमिनीचा प्रश्न जास्तीचा. एका फोटोने राग आणला, दुसऱ्याने कळवळा आणला. मागणी रास्त आहे की नाही, याबद्दल दोन्ही फोटो गप्पच होते.

हे गप्प असणं लक्षात ठेवा, कारण इथून पुढे विषय जड होणार आहे.

फोटो पाहून आपल्याला जे कळतं, ते कोणत्या प्रकारचं कळणं आहे? आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. फोटो यांपैकी कशात बसतो? पटकन उत्तर येतं की प्रत्यक्षात, डोळ्यांनीच तर बघतो. पण ती घटना आपण पाहिलेली नसते. दुसऱ्या कुणी तरी, दुसऱ्या जागी, दुसऱ्या वेळी पाहिलेली असते. आपण बघतो तो कागद किंवा काच. मग अनुमान म्हणू. डोंगरावर धूर दिसला की आग आहे असं म्हणतो, तसं. समोर काही असल्याशिवाय प्रकाशाचा ठसा उमटत नाही, म्हणून काही तरी होतं खास. फ्रान्सचा रोलां बार्थ साधारण इथवर येतो: फोटो आपल्याला ‘हे होतं’ एवढं सांगतो. मान्य. पण खटल्याला आणि इतिहासाला ‘होतं’ एवढ्याने भागत नाही. कुणी केलं, कुणाला, कुठे, कधी, कशावरून? हे धुरातून निघत नाही.

त्यासाठी चौथ्या प्रमाणाकडे जावं लागतं, शब्दाकडे. शब्दप्रमाण म्हणजे पोथीत लिहिलंय म्हणून खरं, असा अर्थ कुणी घेऊ नये. शब्द म्हणजे आप्ताचा शब्द, आणि आप्त म्हणजे इथे सोयरा नव्हे. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने आप्त कोण ते सांगितलंय: ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याला इच्छा आहे, तो. पुढे तो असंही म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखं लागू आहे. दीड हजार वर्षांपूर्वीचा हा ग्रंथ, आणि त्यात साक्षीचं मोल जन्मावर ठरवलेलं नाही! आमचे विद्यार्थी हे वाक्य परीक्षेपुरतं पाठ करायचे. गावच्या चावडीवर ते आजही पचलेलं नाही.

आमचं म्हणणं असं की अत्याचाराचा फोटो या चौथ्या खान्यातला आहे. त्याच्यामागे कुणी आप्त उभा असेल तर तो साक्ष आहे. नसेल तर तो चांगदेवांचं पत्र आहे. ती कथा तुम्हाला आम्ही काय सांगायची! ज्ञानदेव वयाने लहान, ज्ञानाने थोर, मग मायना काय लिहावा या पेचात चांगदेवांनी कोराच कागद पाठवला. मुक्ताबाईंनी त्यांना ‘कोरा राहिला’ म्हणून हिणवलं आणि ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं. कोऱ्या कागदावर कुणाला काय वाचता येईल, ते वाचणाऱ्याच्या तयारीवर. मायना नसलेला फोटो असाच असतो. आणि त्याला वाचणारे सगळेच काही ज्ञानदेव नसतात. दंगलीच्या दिवसांत एका देशातल्या प्रेतांचा फोटो दुसऱ्या देशाचा म्हणून फिरतो, तो यामुळेच.

आप्त उभा राहिला म्हणजे काय होतं, त्याचं आपल्याकडचं स्वच्छ उदाहरण २६ नोव्हेंबर २००८ चं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला तेव्हा ‘मुंबई मिरर’चे सेबॅस्टियन डिसूझा समोरच्याच कार्यालयातून कॅमेरा घेऊन स्थानकात शिरले. फ्लॅश न वापरता, रेल्वेच्या डब्याचा आडोसा घेऊन त्यांनी फोटो काढले. अंधारामुळे त्यातले कितीतरी वाया गेले. एक राहिला: पाठीवर पिशवी, हातात रायफल, पुढे चालत येणारा अजमल कसाब. हा फोटो जगाने पाहिला, त्याविषयी आम्ही वेगळं काय सांगणार. आम्हाला महत्त्वाची वाटते ती त्यानंतरची गोष्ट. डिसूझा न्यायालयात साक्षीदार म्हणून आले. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे श्रीराम वेर्णेकर यांनीही त्या रात्री फोटो काढले होते, तेही आले. मी तिथे होतो, हा फोटो मी काढला, असं शपथेवर सांगितलं, उलटतपासणीला तोंड दिलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात या दोघांच्या धैर्याची दखल घेतली आहे. फोटोला बक्षीस मिळणं वेगळं आणि फोटोसाठी पिंजऱ्यात उभं राहणं वेगळं. युद्धाच्या छायाचित्रणावर एवढी पुस्तकं निघतात. त्यांत पहिल्या गोष्टीवर पानंच्या पानं असतात आणि दुसरीवर एखादी तळटीप.

कायद्यालाही हे कळलेलं आहे. इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करायचा तर त्याबरोबर माणसाचं प्रमाणपत्र लागतं, ही फाइल अमुक यंत्रातून अशी अशी निघाली म्हणून. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६५-ब होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ आहे. हे प्रमाणपत्र लागतंच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठामपणे सांगितलं ते जालन्याच्या खटल्यात; अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यातला निवडणुकीचा वाद. निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातलं चित्रीकरण होतं, वाद उमेदवारी अर्ज किती वाजता दिला याचा. म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या भांडणातसुद्धा यंत्राला जामीन राहणारा माणूस हवा. मग रक्ताच्या भांडणात नको?

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. अहमदनगर म्हणा, अहिल्यानगर म्हणा, माती तीच.

खर्डा म्हटलं की शाळेत आपण १७९५ ची लढाई शिकलो. मराठ्यांनी निजामाला हरवलं. किल्ला आहे, अभिमान आहे. त्या युद्धाचा फोटो असणं शक्य नव्हतं, छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला तो १८३९ मध्ये. त्याच खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ ला सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याला, वरच्या म्हणवणाऱ्या जातीतल्या मुलीशी बोलतो म्हणून, शाळेपासून मारत नेलं आणि ठार केलं. दिवसाढवळ्या. पाहणारे होते. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयातून सगळे आरोपी सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले.

याच्या उलट सोनई. १ जानेवारी २०१३, नेवासा तालुका, तीन तरुण सफाई कामगारांची हत्या. तिथे प्रत्यक्ष पाहणारा कुणी नव्हता. परिस्थितिजन्य पुराव्याची कडी जुळवत खटला चालला आणि जानेवारी २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. फाशी असावी का, हा वेगळा विषय, आज नको. मुद्दा एवढाच की जिथे डोळे होते तिथे साक्ष उरली नाही आणि जिथे डोळे नव्हते तिथे ती उभी करता आली. दोन निकालांत जेमतेम दोन महिन्यांचं अंतर, आणि दोन्ही घटना एकाच जिल्ह्यातल्या.

आणि शिर्डी. इथून पंधरा-वीस किलोमीटर. मे २०१५ मध्ये मोबाईलवर आंबेडकरांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून एका दलित तरुणाला मारून टाकलं. ज्या दुकानात भांडण सुरू झालं तिथल्या सीसीटीव्हीत मारहाणीचं चित्रीकरण असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. सीसीटीव्ही हा फार विचित्र छायाचित्रकार आहे. तो झोपत नाही, घाबरत नाही, लाच घेत नाही. पण त्याला जाणायचंही काही नसतं आणि सांगायचंही काही नसतं. वात्स्यायनाच्या दोन्ही अटींत तो नापास! त्याच्या चित्राला अर्थ येतो तो तिथे असलेल्या माणसाने तोंड उघडलं तर.

फोटो फितूर होत नाही, असं आपल्याकडे आता कौतुकाने म्हणतात. खरंय, होत नाही. कारण फितूर व्हायला आधी बोलता यावं लागतं.

मग छायाचित्रकाराने करायचं काय? इथे आम्हाला सुधारक ओळवे यांच्या कामाबद्दल बोलायचं आहे. अकोल्याचे ओळवे मुंबईत वृत्तपत्र छायाचित्रकार झाले, २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवरचं त्यांचं कृष्णधवल काम पुष्कळांनी पाहिलेलं असेल; २००५ मध्ये नॅशनल जिओग्राफिकने त्याचा गौरव केला. वर्षानुवर्षं त्याच माणसांकडे जाऊन केलेलं हे काम आहे. गटार, कचऱ्याची गाडी, आणि मग त्याच कामगाराचं घर, त्याची बायकामुलं. घाणीत उतरलेला माणूस आणि घरातला माणूस एकच आहे, हे सांगायला तिथे मजकूर लागत नाही. इथे छायाचित्रकार स्वतः आप्त झालेला आहे, कारण त्याने जाणलंय. पुरस्काराने ते सिद्ध होत नाही, परत परत जाण्याने होतं.

पुढे ओळवे यांनी महाराष्ट्रभर हिंडून जातीय अत्याचारात माणूस गमावलेल्या कुटुंबांचे फोटो काढले. त्यात आपल्या जिल्ह्यातली कुटुंबंही आहेत. या कामाचं मोल मोठं आहे. वर्तमानपत्रं चार दिवसांनी निघून जातात आणि नंतर त्या घरात काय उरतं, ते कुणी तरी जाऊन पाहिलं. घटना संपल्यावर आलेला कॅमेरा कुणाची उत्सुकता भागवायला आलेला नसतो.

पण टीकाकार म्हणून आलोय तर एक तक्रारही मांडू. ती एका माणसाबद्दलची नाही, या सगळ्या प्रकाराबद्दलची आहे. अशा कुटुंबांच्या फोटोंचा आता एक साचा झाला आहे. पत्र्याचं घर, दारात किंवा भिंतीशी आईवडील, हातात गेलेल्या मुलाची फ्रेम. फ्रेममधला फोटो बहुधा ओळखपत्राचा, तालुक्याच्या स्टुडिओत मोठा करून आणलेला. मागे निळा पडदा, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. फोटोतला फोटो. पहिल्यांदा बघताना हात थरथरतो. विसाव्यांदा बघताना आपल्याला आधीच माहीत असतं, काय वाटायचं ते. शिवाय या साच्यात दुःख सगळं एका घरात मावतं. घराबाहेरचं गाव कुठे आहे? ती शाळा, तो रस्ता, रस्त्याकडेची दुकानं, ज्यांच्या ओट्यावरून सगळं दिसलं ती घरं? वर्षानुवर्षं तारखेला येणारे आईवडील आणि जिल्हा न्यायालयाचा तो बाक? आपण शोकाचे फोटो काढतो आणि खटल्याचे काढत नाही. अत्याचार म्हणजे एका कुटुंबावर कोसळलेलं संकट, वीज पडावी तसं, असा त्याचा अर्थ होऊन बसतो. वीज कुणी पाडत नाही. इथे कुणी तरी मारलेलं असतं, आणि कुणी तरी गप्प बसलेलं असतं. गप्प बसलेल्यांचा फोटो कसा काढायचा, हा खरा अवघड प्रश्न आहे, आणि आम्ही त्याचं उत्तर छायाचित्रकारांकडून ऐकायला उत्सुक आहोत.

सुझन सोंटॅग यांनी १९७७ च्या पुस्तकात म्हटलं की असे फोटो बघून बघून मन बधिर होतं. २००३ च्या पुस्तकात त्यांनीच ते मत पुन्हा तपासायला घेतलं. आम्हाला बधिरतेची काळजी त्या मानाने कमी वाटते. मन बधिर झालेला माणूससुद्धा साक्ष देऊ शकतो. हळवा माणूस साक्षीच्या दिवशी गावाला गेलेला असतो.

आता जे फोटो आज दाखवायचे नाहीत म्हटलं, त्यांच्याकडे वळू. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी. एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या. मोठ्या माध्यमांनी सुरुवातीला फारशी दखल घेतली नाही. मृतदेहांचे फोटो कार्यकर्त्यांकडून हातोहात फिरले, आणि महाराष्ट्र रस्त्यावर आला. ते फोटो फिरले नसते तर प्रकरण दडपलं गेलं असतं, असं म्हणणाऱ्यांना आम्ही खोटं पाडणार नाही. पण त्या देहांत स्त्रियांचे विटंबलेले देह होते. मारणाऱ्यांना जी विटंबना करायची होती, ती त्या फोटोंनी गावोगाव नेऊन पोचवली, हेही तितकंच खरं. आणि एवढं होऊन पुढे काय झालं? शिक्षा झाल्या, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा न्यायालयाने लागू धरला नाही. जातीमुळे मारलं, हे त्या फोटोंत दिसत होतं का? देहावरच्या जखमा दिसत होत्या. जात ही दुधाच्या भावासारखीच, कॅमेऱ्याला न दिसणारी.

मग दाखवावेत की नाही? आमचं उत्तर: ज्यांचं माणूस गेलं त्यांनी ठरवावं. याला अमेरिकेतला एक आधार आहे. १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्या माणसांनी मारलं. त्याच्या आईने शिकागोत शवपेटी उघडी ठेवली, जगाने बघू दे म्हणाली, आणि ‘जेट’ मासिकाने तो चेहरा छापला. निर्णय आईचा होता. खैरलांजीचे फोटो फॉरवर्ड करणाऱ्या हजारोंपैकी कुणाजवळ असा अधिकार होता? चांगल्या हेतूने केलं, हे उत्तर पुरेसं नाही.

हेतू चांगला असूनही काय घडतं, ते २०१८ च्या जूनमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या वाकडी गावाने दाखवलं. विहिरीत पोहले म्हणून दलित मुलांना विवस्त्र करून मारलं, आणि मारणाऱ्यांनीच त्याची चित्रफीत काढून पसरवली. इथे कॅमेरा हेच मारण्याचं हत्यार झालं. काठीचे वळ आठवड्यात जातात, चित्रफीत जात नाही. मग निषेध म्हणून तीच चित्रफीत देशभर फिरली. राहुल गांधींनी ती ट्विटरवर टाकली तेव्हा, अल्पवयीन मुलांची ओळख उघड झाली म्हणून, राज्याच्या बालहक्क आयोगाने त्यांना नोटीस काढली. राजकारण बाजूला ठेवा. निषेध करणारा आणि मारणारा दोघेही एकच फाइल पाठवत होते, एवढं पाहा.

कॅमेरा आहे म्हणून क्रौर्य घडतं का, हा प्रश्न युद्धाच्या छायाचित्रकारांना जुना आहे. १८ डिसेंबर १९७१ ला, बांगलादेश मुक्त झाल्यावर दोनच दिवसांनी, ढाक्याच्या मैदानावर पाकिस्तानला मदत केल्याचा आरोप असलेल्या कैद्यांना संगिनींनी भोसकून मारलं. हॉर्स्ट फास आणि मिशेल लोरां यांनी फोटो काढले, त्यांना पुलित्झर मिळालं. तिथले काही छायाचित्रकार मात्र आधीच निघून गेले होते. हा प्रकार कॅमेऱ्यांसाठी चालला आहे, आपण गेलो तर कदाचित थांबेल, असं त्यांना वाटलं. तो थांबला नाही. राहिलेले बरोबर की गेलेले? वर्गात या प्रश्नावर मुलं तास-तास भांडायची. आमचं मत गेलेल्यांच्या बाजूने झुकतं, पण राहिलेल्यांमुळे ते घडलं हे नाकारता येत नाही, हेही आम्हाला दिसतं.

फोटोतला माणूस जिवंत राहिला तर? २००२ मध्ये अहमदाबादेत अर्को दत्ता यांनी टिपलेला हात जोडलेला, डोळ्यांत पाणी असलेला शिंपी आठवा. तो वाचला. पण मग तो फोटोच त्याच्या मागे लागला. काही काळ तो आपल्या मालेगावात नातेवाइकांकडे येऊन राहिला. चेहरा ओळखला गेला आणि काम सुटलं. पुढे कोलकात्याला गेला, शेवटी अहमदाबादेत परतला. त्याचा चेहरा कुणाकुणाच्या प्रचारात वापरला गेला, त्याला न विचारता. ज्याने जीव वाचवण्यासाठी हात जोडले, त्याचे हात आपण जन्मभर जोडलेलेच ठेवले. छायाचित्रकाराचा दोष आम्ही मानत नाही. दोष नंतरच्या आपल्या वापराचा.

तेव्हा मुलांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. काढा मोबाईल. पण काढताना हे ठरवून काढा की याच्यामागे मी उभा राहणार आहे. मूळ फाइल तशीच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या फोटोची वेळ, यंत्र वगैरे माहिती गळून जाते आणि चित्रही बारीक होतं. तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं, हे कागदावर लिहून ठेवा. आणि ग्रुपवर टाकण्याआधी, ज्याला मार बसलाय त्याच्या घरी जा. बहुतेक वेळा तिथे गेल्यावर ग्रुपवर टाकायची गरजच वाटत नाही, वकील शोधायची वाटते.

मघाशी एका मुलीने चिठ्ठी पाठवली आहे: “नाव सांगायची भीती वाटते त्याचं काय?” वाजवी प्रश्न आहे. भीती खरी आहे, खर्ड्यात ती सगळ्यांनी पाहिली. साक्षीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात २०१७ चा कायदा आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली. कागदावर आहे, मागावी लागते, मागितल्यावरही खेटे घालावे लागतात. पण आहे.

आणि भीती असूनही उभं राहिलेल्या माणसाचा फोटो कसा दिसतो, हे बघायचं असेल तर पुन्हा एमेट टिलच्या खटल्याकडे जा. त्याच्या आईच्या मावशीचे यजमान मोझ राइट, शेतमजुरी करणारा म्हातारा काळा माणूस. भरल्या न्यायालयात उठून त्यांनी हात लांब केला आणि आरोपींकडे बोट दाखवलं. न्यायालयात फोटो काढायला बंदी होती. अर्नेस्ट विदर्स या काळ्या छायाचित्रकाराने चोरून तो क्षण टिपला. आरोपी सुटले, पंचमंडळ सगळं गोरं होतं. मोझ राइट यांना ते राज्य सोडावं लागलं. या विषयावर आजवर आम्ही जे फोटो पाहिले, त्यांत हा आम्हाला सर्वांत वरचा वाटतो. त्यात जखम नाही, प्रेत नाही. एक माणूस उभा आहे आणि बोलतो आहे.

आपल्याकडे तर चोरून टिपायचीही गरज नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात जानेवारी २०१६ पासून कलम १५-अ आलं आहे. पीडितांचे आणि साक्षीदारांचे हक्क त्यात आहेत. त्याच्या दहाव्या उपकलमात लिहिलंय की या कायद्याखालच्या सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण झालं पाहिजे. सभेत दोन-तीन वकील मंडळी बसलेली दिसतात. त्यांना आमची विनंती आहे: पुढच्या तारखेला तेवढं विचारा, कॅमेरा कुठे लावलाय.